बुंध्याशी ओळख

"वरून बघून ओळखायला गेलात तर फसाल. खाली बसा आणि पायाशी धरा," त्या बाई म्हणाल्या आणि माझ्याआधी स्वतःच उकिडव्या बसल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर गवताच्याच रंगाची टोपी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. माझ्या गुडघ्यांची तक्रार सांगायला मग जागाच उरली नाही. मीही बसले.

समोर गवताचा एक ठोंब होता. कमरेएवढा उंच, तांब्याच्या घासलेल्या भांड्याला उन्हात येतो तसा रंग. मी त्यातलं एक ताट जमिनीलगत चिमटीत धरलं. "आता अंगठ्या-बोटात फिरवा." फिरेना. ज्वारीचं ताट असतं तर चिमटीत भवऱ्यासारखं फिरलं असतं. हे पट्टीसारखं आडवं बसलं. बुंधा चपटा होता. बाहेरची वाळकी पानं बाजूला केली, तर आत, जिथे ऊन पोचत नव्हतं तिथे, चपट्या कोंबांवर निळसर झाक दिसली. जांभळावरची भुकटी पुसावी तशी ती बोटाला लागली.

"हा लिटल ब्लूस्टेम. आता याला कुठेही ओळखाल," बाई म्हणाल्या. निळ्या खोडाचा धाकटा. वरून पाहणाऱ्याला ऑक्टोबरात तांबडा दिसणारा हा गृहस्थ निळा का म्हणवतो, याचं उत्तर बुंध्याशीच होतं.

हे सारं कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीत, स्ट्राँग सिटी नावाच्या गावाबाहेर. सिटी म्हणायची ती फक्त नावात. लेकीच्या घरापासून, म्हणजे कॅन्सस सिटीच्या उपनगरातून, मोटारीने दोन तास. "आई, गवत बघायला दोन तास?" असं ती निघताना दोनदा म्हणाली. मी तिला शेवटी सांगितलं, तुझे आजोबा गवत बघायला रोज पहाटे दीड कोस चालत जायचे. ते बघायला नव्हे, कापायला जायचे, ही गोष्ट तिने लगेच लक्षात आणून दिली. सोलापूर जिल्ह्यातल्या माळावर माझं बालपण गेलं. तिथे आम्हाला गवताची नावं यायची, पण ती बैलांच्या तोंडाने: कोणतं बैल खातो, कोणतं हुंगून सोडतो. पाखरं त्याचं काय करतात याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी सुमारे १७ कोटी एकर उंच गवताची प्रेअरी होती. आज तिच्यातली चार टक्केही उरलेली नाही. १८३७ मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्ये पोलादी नांगर घडवला. त्या चिकट काळ्या मातीत बिडाचा नांगर अडायचा, तो आता सुरीसारखा चालू लागला. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत प्रेअरीचं मका आणि गव्हात रूपांतर झालं. जे उरलं ते बहुतांश या एका पट्ट्यात, फ्लिंट हिल्समध्ये, आणि तेही कुणाच्या दयेने नव्हे. इथे वीतभर मातीखाली चुनखडक आणि त्यात गारगोटीचे थर. १८०६ मध्ये झेब्युलन पाइक या सैनिकी अधिकाऱ्याने इथून जाताना आपल्या रोजनिशीत खडबडीत गारगोटीच्या टेकड्या अशी नोंद केली, त्यावरून नाव पडलं. नांगर चालेना म्हणून गवत वाचलं. आपल्याकडच्या मुरमाड माळांचंही असंच आहे. काळी रान झाली, मुरूम माळ राहिला.

जमीन राहिली पण माणसं राहिली नाहीत. राज्याला ज्यांच्यावरून नाव मिळालं त्या कान्झा, म्हणजेच कॉ लोकांना १८७३ मध्ये इथून हलवून आताच्या ओक्लाहोमात नेऊन बसवलं. मग पशुपालक आले, त्यांनी चुनखडकाची घरं बांधली. १८८१ चा असा एक दगडी वाडा आणि १८८२ ची एका खोलीची शाळा अजून उभी आहे. १९९६ पासून हे १०,८९४ एकरांचं कुरण 'टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्ह' म्हणून राखलेलं आहे. जमीन बहुतेक सगळी नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेची, कारभार तिचा आणि राष्ट्रीय उद्यान खात्याचा मिळून. २००९ मध्ये साउथ डकोटातल्या विंड केव्हहून १३ बायसन आणून सोडले. त्यांचा आता मोठा कळप झाला आहे. आम्ही गेलो त्या दिवशी तो दूर टेकडीवर मिरी सांडावी तसा पसरलेला होता.

पण बाईंना बायसनमध्ये रस नव्हता. "ते सगळ्यांना दिसतात," म्हणाल्या.

प्रेअरीत गवतं पुष्कळ. त्यातल्या चौघांना इथले लोक थोरले चार म्हणतात: बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियन ग्रास आणि स्विचग्रास. चौघांना वेगळं ओळखायचं तर प्रत्येकाला वेगळ्या जागी धरावं लागतं. बिग ब्लूस्टेम पुरुषभर वाढतो आणि त्याच्या शेंड्याला बहुधा तीन बोटांचा तुरा फुटतो. टर्की पक्ष्याचा पाय उलटा धरावा तसा. तेच त्याचं बोलीतलं नाव. इंडियन ग्रासचा तुरा सोनेरी आणि भरघोस, पण तुरा येण्याआधी तो ओळखायचा पात्याच्या बेचक्यात: पातं जिथे खोडापासून सुटतं तिथे बंदुकीच्या माशीसारखं एक टोकदार पापुद्र्याचं कानटोक उभं असतं. स्विचग्रासच्या त्याच बेचक्यात पांढऱ्या केसांचा झुबका. आणि आपला धाकटा? त्याला तुरा असा नाहीच. खोडाच्या वरच्या अर्ध्या भागात जागोजागी एकेकटी बारीक लोंब फुटते, आणि दाणा पिकला की ती कापसासारखी फुलते. उन्हाच्या विरुद्ध बाजूने पाहिलं तर प्रत्येक ताटाला पांढरे ठिपके लावल्यासारखे दिसतात.

घोटाळा होतो तो आणखी एका गवताशी. ब्रूमसेज त्याचं नाव. नावात सेज, म्हणजे लव्हाळा, असला तरी ते गवतच आहे. हिवाळ्यात ते नारिंगी भुशाच्या रंगाचं होतं, त्याचे फुलोरे पानासारख्या वेष्टनांत अर्धवट दडलेले असतात, आणि बुंध्याशी लव जास्त. खराब, थकलेल्या जमिनीवर ते आधी येतं. लांबून दोघे जुळे भाऊ. बाईंनी दोघांचं एकेक ताट माझ्या दोन हातांत दिलं आणि डोळे मिटायला सांगितले. खरंच, बोटांना फरक डोळ्यांआधी कळला.

मग त्यांनी भिंग काढून दिलं. एक लोंब तळहातावर मोडून पाहिली. मधली दांडी सरळ नव्हती, नागमोडी होती, आणि तिच्या प्रत्येक वळणावर दोघांची जोडी बसलेली: एक बिनदेठाचं, फुगीर, दाणा धरणारं, त्याच्या टोकाला पीळ घातलेलं कुसळ, शेजारी केसाळ देठावर उभं दुसरं, वांझ. भिंगात पाहताच मला हसू आलं. ही जोडी मी लहानपणापासून पाहत आले होते. ज्वारीच्या कणसात हीच असते! दाण्याचं एक, देठाचं पोकळ एक. कणीस मळताना उडणारा तो पोकळ भुसा आठवा. ऊस, मका, ज्वारी, गवती चहा, वाळा, आपली कुसळी आणि हा ब्लूस्टेम, सारे एकाच कुळीचे. बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरून दाबला. त्यांच्या आजोबांनीही इथेच ज्वारी पेरली होती. कॅन्सस आजही अमेरिकेत ज्वारी पिकवण्यात पुढे आहे, फक्त ती माणसांऐवजी बहुतेक गुरांच्या पोटात जाते.

या गवताचं वर्णन शास्त्रीय पुस्तकात १८०३ मध्ये आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात आलं. जातीचं नाव 'स्कोपेरियम', म्हणजे झाडूसारखं. नेब्रास्काने १९६९ मध्ये आणि कॅन्ससने २०१० मध्ये याला राज्यगवताचा मान दिला. राज्यपक्षी, राज्यफूल आपल्यालाही ठाऊक. राज्यगवत ही कल्पना आपल्याकडे अजून पोचायची आहे.

आता मुख्य गोष्ट. हे गवत पाखरांना कशाला लागतं?

मला वाटलं होतं, दाण्यासाठी. तेही खरं. दाणे एवढे हलके की एका पौंडात दोन लाखांहून जास्त बसतात, आणि बर्फ पडल्यावरही ताट उभं राहत असल्यामुळे चिमण्यांच्या जातीची लहान पाखरं हिवाळाभर ते टिपतात. पण बाई दाण्याबद्दल फार बोलल्या नाहीत. त्यांनी मला दोन ठोंबांमधली मोकळी जागा दाखवली. वीत-दीड वीत उघडी माती. लॉनसारखी सलग चादर हे गवत करत नाही. ठोंब, मग रिकामी गल्ली, मग ठोंब.

"बॉबव्हाइटचं घर या गल्लीत आहे," त्या म्हणाल्या.

बॉबव्हाइट म्हणजे आपल्या लावा पक्ष्याचा तिकडचा दूरचा नातलग. आपलंच नाव शीळ घालून सांगतो, म्हणून हे नाव. नर-मादी मिळून गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताचा एखादा ठोंब निवडतात, त्याच्या पायाशी खळगा करतात, वरून पाती ओढून छप्पर विणतात आणि मादी बारा-चौदा अंडी घालते. पिल्लू निघतं ते सुपारीएवढं. त्याला पहिले दोन आठवडे किडे हवेत, दाणा पचत नाही. आणि किडे टिपत हिंडायला त्याला जमिनीवर वाट हवी, डोक्यावर ससाण्याच्या नजरेपासून आडोसा हवा. ठोंबाची पाती वर एकमेकांना टेकतात, खाली गल्ली मोकळी राहते. फेस्क्यूसारख्या युरोपातून आणलेल्या दाट गवतात हेच पिल्लू चटईत अडकल्यासारखं थांबतं, आणि दवाने भिजून मरतं. दोन्ही शेतं बांधावरून पाहिली तर सारखीच हिरवी. माणसाला त्या हिरवेपणात फरक दिसत नाही, सुपारीएवढ्या पिल्लाला दिसतो.

ठोंबाच्या अगदी मुळाशी आणखी कुणीतरी राहतं. स्किपर म्हणून लहान, जाड मानेची फुलपाखरं असतात. त्यातल्या डस्टेड स्किपरची अळी या ब्लूस्टेमची पानं रेशमाने शिवून तंबू करते, तीच पानं खाते आणि थंडी पडली की बुंध्यापाशी उतरून तिथेच हिवाळा काढते. उत्तरेकडच्या प्रेअरीतला डकोटा स्किपरही अळीपणी याच गवतावर आणि अशाच दोन-तीन देशी गवतांवर वाढतो. २०१४ मध्ये त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींमध्ये करावी लागली. त्याच्या उरल्यासुरल्या कुरणांत केंटकी ब्लूग्रास घुसतंय. नावात केंटकी, पण गवत मूळचं परदेशी. अमेरिकेतली कितीतरी अंगणं याच्यासारख्याच पाहुण्यांनी भरली आहेत.

प्रेअरी चिकन हा इथला मानाचा पक्षी. वसंतात नर उघड्या माथ्यावर जमतात, मानेवरच्या नारिंगी पिशव्या फुगवतात आणि रिकाम्या रांजणात तोंड घालून हुंकार द्यावा तसा आवाज काढतात. तो मैलभर जातो म्हणे. आम्ही ऑक्टोबरात गेलो, त्यामुळे मी ऐकला नाही, आणि ऐकल्यासारखं लिहिणार नाही. पण बाईंनी माथा दाखवला, तिथलं गवत बोटभर होतं. नाचायला नराला बोटभर गवत हवं, अंडी घालायला मादीला गेल्या वर्षीचं गुडघाभर वाळकं गवत हवं. दोन्ही एकाच कुरणात, हाकेच्या अंतरावर. माळढोकाची गोष्ट आठवली मला. आमच्याकडच्या नान्नजच्या माळावर तोही असाच उघड्यावर मिरवायचा.

आणि इथेच आगीचा मुद्दा येतो, ज्यावर फ्लिंट हिल्समध्ये कुणाचं एकमत होत नाही.

प्रेअरी जळली पाहिजे, याबद्दल वाद नाही. या गवतांचा वाढीचा डोळा जमिनीखाली किंवा जमिनीलगत असतो, त्यामुळे वर वणवा गेला तरी आठ-दहा दिवसांत हिरवी काडी वर येते. न जाळता सोडलं तर इस्टर्न रेडसीडर नावाचं झाड कुरण गिळतं. मॅनहॅटन (न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससचं) गावाजवळ कॅन्सस राज्य विद्यापीठाचं कोन्झा प्रेअरी संशोधन केंद्र आहे, १९७१ पासूनचं. तिथे एकेक पाणलोट ठरावीक वर्षांनी जाळतात: कुठे दरवर्षी, कुठे दोन, कुठे चार, कुठे वीस वर्षांनी एकदा. वीस वर्षांच्या तुकड्यात आता गवत शोधावं लागतं, झुडपं आणि झाडं झाली आहेत.

वाद आहे तो किती जाळायचं यावर. एप्रिलमध्ये इथले पशुपालक सगळं कुरण एकदम पेटवतात, कारण कोवळ्या गवतावर तरणी गुरं झपाट्याने वजन धरतात आणि वजनावरच पैसा मिळतो. धूर शहरांपर्यंत जातो. लेक म्हणाली, त्या आठवड्यात खिडक्या उघडता येत नाहीत. पण सगळंच जळलं की प्रेअरी चिकनच्या मादीला गेल्या वर्षीचं गवत उरत नाही. हेन्स्लोज स्पॅरो नावाची एक चिमणी तर कित्येक हंगामांच्या पाचोळ्यातच राहते. ठोंबाशी झोपलेली स्किपरची अळीही जाते. म्हणून राखीव कुरणात आता एका वर्षी एकच तुकडा जाळतात. बायसन आणि गुरं आपोआप त्या तुकड्याच्या कोवळ्या गवताकडे जातात, बाकीचं गवत वाढतं, पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. पशुपालकांचं म्हणणं, कुंपण कोण घालणार आणि नुकसान कोण सोसणार? दोघांचं म्हणणं मला पटलं. तरी मत विचारलं तर मी तुकड्यातुकड्याने जाळणाऱ्यांच्या बाजूची.

मुळं मी पाहिली नाहीत, ती पाहायला खंदक खणावा लागतो. नेब्रास्का विद्यापीठातले जॉन वीव्हर यांनी आयुष्यभर तेच केलं. प्रेअरीत माणूस बुडेल एवढे खड्डे खणले आणि मुळाचा केसन् केस कागदावर उतरवला. लिटल ब्लूस्टेमची मुळं पाच ते आठ फूट जातात. वरती दिसतं त्याच्या दुप्पट गवत खाली. तरीही १९३४ च्या दुष्काळात उंचवट्यावरच्या कुरणांतून हाच मोठ्या प्रमाणावर मेला, कारण शेजाऱ्यांची मुळं त्याहून खोल होती. हे वाचून मला तो अधिक जवळचा वाटला. राज्यगवत झालं म्हणून काय, पाऊस हुलकावणी देतो तेव्हा सगळ्यांची गत एकच.

परतीच्या वाटेवर लेकीने फोनवर वाचून दाखवलेली गोष्ट मात्र मला रात्री झोपू देईना. टेक्सासमध्ये ब्लूस्टेम या नावाने ओळखली जाणारी काही गवतं मुळात तिथली नाहीतच. चाऱ्यासाठी आणि उघड्या पडलेल्या जमिनी झाकायला ती गेल्या शतकात आशिया, युरोप, आफ्रिकेतून आणली. किंग रँच ब्लूस्टेम, कॉकेशियन ब्लूस्टेम, क्लेबर्ग ब्लूस्टेम. ती सुटली, आणि आता सडकेच्या कडेने, कुरणांतून एकसलग पसरली आहेत. कॅन्ससमध्ये अशा परदेशी ब्लूस्टेमच्या कुरणाची देशी कुरणाशी तुलना झाली तेव्हा किडेही कमी भरले आणि पाखरंही. त्यातल्या क्लेबर्ग ब्लूस्टेमचं शास्त्रीय नाव लेकीने अडखळत वाचलं: डायकँथियम ॲन्युलेटम.

मी म्हटलं, परत वाच.

अगं, ते आपलं मारवेल! पेरांवर पांढऱ्या लवेचं कडं असलेलं, बैल सगळ्यात आधी ज्याकडे मान वळवायचा ते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ज्याचे सुधारित वाण दिले ते. वडिलांनी बांधावर मुद्दाम राखलेलं, एवढंच नव्हे तर त्यावरून चुलत्यांशी अबोला धरलेलं मारवेल. इथे ते सोनं, तिथे तण. आपल्या माळावर त्याच्याबरोबर वाढलेले किडे आहेत, रोग आहेत, चरणारी तोंडं आहेत. त्यांच्या धाकात ते इतर दहा गवतांमध्ये अंग चोरून राहतं. तिकडे नेऊन सोडल्यावर तो धाक संपला. ज्या कुरणात बॉबव्हाइटला ठोंब आणि गल्ली हवी होती तिथे त्याने गल्ली बुजवली. गवताचा काही दोष नाही यात. नेणाऱ्यांनी पोषणमूल्य तपासलं होतं; पिल्लू तपासलं नव्हतं.

लेकीने आधीच्या वर्षी घरासमोर लिटल ब्लूस्टेमचे पाच ठोंब लावले होते, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या वसाहतीच्या मंडळाकडून तिला पत्र आलं: तण वेळेत कापावं. तिने उत्तरादाखल राज्यगवत असल्याचा कायदा छापून पाठवला. मंडळाचं दुसरं पत्र अजून आलेलं नाही. मी होते तोवर रोज सकाळी त्या ठोंबांवर चार-पाच चिमण्या उतरायच्या, शेजारच्या अंगणातल्या गालिच्यावर एकही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या मोज्यांत अडकलेली लोंबी एकेक करून वेचली आणि तिच्याच ठोंबांत टाकली. मारवेलची गोष्ट कळल्यावर एकही दाणा बरोबर आणायची छाती झाली नाही.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचे माळ पिकून पिवळे पडलेले असतात. तेव्हा गावी गेलात तर एक संध्याकाळ काढा. 'पडीक' म्हणून सात-बारावर लागलेल्या कुठल्याही माळावर जा, खाली बसा आणि एक ताट बुंध्याशी धरा. पेराला पांढऱ्या लवेचं कडं असेल तर ते मारवेल. शेंड्याला काळपट कुसळं एकमेकांत पिळून बसली असतील तर कुसळी, पायजमा सांभाळा. आणि दोन ठोंबांमधल्या गल्लीत पाऊल टाकण्याआधी नीट बघून घ्या.